भद्र

गेल्या महिन्यात आमच्या हौशी रेडिओ मंडळाने जिनगोंडा आण्णांसाठी शोकसभा घेतली आणि वयाने ज्येष्ठ म्हणून मला बोलायला उभे केले. मी बोललो. ज्याने चाळीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवले त्याला अशा प्रसंगी शब्दांची वाण पडत नाही. निरलसता, निगर्वी वृत्ती, कर्मनिष्ठा असे गुण मी एकापुढे एक मांडत गेलो आणि लोक माना डोलावत गेले. घरी आल्यावर सौ. म्हणाली, "भाषण चांगलं झालं. पण त्यात आण्णा कुठं होते? आणि तुम्ही कुठं होता?"

दुसरा प्रश्न तिने मुद्दाम विचारला, हे मला कळले. म्हणून आज पूजा आटोपून लिहायला बसलो आहे.

आण्णांचे दुकान निपाणीत, महामार्गाच्या कडेला. दुकान म्हणजे पत्र्याची एक शेड, वर कन्नडमध्ये आणि खाली मराठीत रंगवलेली पाटी, आणि दारात कायम दोन-तीन वाहने. जीपचे बंपर, तंबाखूच्या टेंपोचे कॅरिअर, उसाच्या ट्रॉलीचे हूक ही त्यांची पोटापाण्याची कामे; आमच्या मंडळाच्या गाड्यांवर रेडिओच्या अँटेना बसवणे हे हौसेचे. मूळचे बोरगावचे जैन शेतकरी घराणे. जमीन भावांनी सांभाळली आणि आण्णांनी सातवीनंतर लोखंड धरले. शिक्षण कन्नड शाळेत, घरची भाषा मराठी, हिशेब दोन्हीत. मी पाहिले तेव्हा साठीला आले होते. अंगात खाकी शर्ट, डोक्यावर पांढरी टोपी, आणि दोन्ही हातांवर ठिणग्यांचे बारीक काळे ठिपके.

गाडी दारात उभी राहिली की ते मालकाकडे पाहत नसत. आधी गाडीच्या छपरावर तळवा टेकवीत. जरा दाबून पाहत, मग दुसरीकडे दाबून पाहत, आणि मग विचारीत, "झाडाखालनं जाती का टरकाशेजारनं?"

नवख्या माणसाला हा प्रश्न कळत नसे. अँटेना बसवायला आलेला माणूस आपला रेडिओसंच किती शक्तीचा, कोणत्या कंपनीचा, हे सांगायला उतावीळ असतो. आण्णांना त्यात रस नव्हता. गाडी उसाच्या वाटेने, बाभळीच्या फांद्यांखालून जाणार असेल तर अँटेनेच्या बुडाशी स्प्रिंग हवी, म्हणजे फांदी लागली की ती वाकेल आणि पुन्हा उभी राहील. महामार्गावर ट्रकच्या शेजारून जाणार असेल तर वारा कानशिलात मारल्यासारखा येतो, तिथे स्प्रिंग घातक. "दोन्हीकडनं जाती" असे कोणी म्हटले की आण्णा म्हणत, "मग गाडी तुमची न्हवं, पावण्याची हाय म्हणा." आणि हसत.

छपराला भोक पाडण्याआधी ते एक मऊ सुती झाडणी घेऊन सबंध टप झाडून घेत. कॅरिअरच्या सांध्यांत वाकून पाहत. तिथे मुंग्या असतात, कुंभारमाशीचे मातीचे घर असते. कोल्हापूरचे एक कंत्राटदार नवी कोरी गाडी घेऊन आले होते आणि त्यांच्या जुन्या गाडीवरून काढून बसवलेल्या कॅरिअरखाली असे एक घर निघाले. आण्णांनी ड्रिल खाली ठेवले आणि पंधरा दिवसांनी या म्हणाले.

"अहो, एका माशीसाठी मी पुन्हा कोल्हापुरातनं येऊ?"

"माशीला जायाला दुसरं घर न्हाई. तुमास्नी हाय."

कंत्राटदार पुष्कळ चिडले. शेजारच्या चहावाल्याला साक्षी ठेवून त्यांनी आण्णांना वेडा ठरवले. पंधरा दिवसांनी मात्र तेच आले, आणि येताना आणखी एका मित्राची गाडी घेऊन आले. ही गोष्ट मंडळात सगळे कौतुकाने सांगत. मीही सांगत असे. पण सांगताना माझ्या मनात काय चाले ते आजवर सांगितलेले नाही. माझ्या मनात असे येई की मी इतकी वर्षे नित्य संध्या करतो, एकादशीला पाणी घेतानाही विचार करतो, आणि माझ्यासाठी कोणी कोल्हापूरहून पुन्हा आलेले नाही.

आता या रेडिओचे प्रकरण थोडे सांगायला हवे. सरकारचा परवाना घेऊन स्वतःच्या संचावरून दूरदूरच्या माणसांशी बोलणे, एवढाच हा छंद. मोबाईलच्या दिवसांत तो पोरकट वाटतो. पण पूर आला, वीज गेली, मनोरे बंद पडले की हाच उरतो. माझ्यात तो शिरला मोर्सच्या वाटेने. बेळगावचे आमचे डॉक्टर, म्हणजे गुरांचे निवृत्त डॉक्टर आणि मंडळाचे चालक, यांनी मला एकदा मोर्सची टिकटिक ऐकवली आणि मी चकित झालो. एक आघात ऱ्हस्व, एक दीर्घ. हे तर लघु आणि गुरू! वृत्ते ज्याच्या जिभेवर आहेत त्याला हे परके कसे वाटावे? आमचा गुरू दोन मात्रांचा आणि त्यांचा तीन, एवढाच फरक. तीन आठवड्यांत मी मोर्स शिकलो. डॉक्टर म्हणाले की इतका स्वच्छ हात त्यांनी पाहिला नाही. ते वाक्य मी पुष्कळ दिवस उशाशी घेऊन झोपलो.

मग मी गाडीत संच बसवला आणि अँटेनेसाठी चुंबकाचे बूड आणले. छपरावर नुसते ठेवायचे, ते पत्र्याला धरून बसते. नव्या गाडीला भोक पाडायचे माझ्या मनाला पटत नव्हते. पहिल्याच प्रवासात तवंदी घाटात एक मालट्रक शेजारून गेला आणि अँटेना उडाली. ती खाली पडली असती तर बरे झाले असते. ती वायरला लोंबकळत गाडीच्या दाराला हाणत राहिली. घाट उतरून निपाणीत आलो तेव्हा दारावर खुणाच खुणा होत्या. कोणीतरी आण्णांकडे धाडले.

त्यांनी चुंबक हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि विचारले, "ह्ये कुणाच्या भरवशावर ठेवलंतासा?"

"चुंबक चांगला मजबूत आहे असे दुकानदार म्हणाला."

"मजबूत हाय की. पर ठेवल्यालं त्ये ठेवल्यालंच. बसिवल्यालं न्हवं."

त्या दिवशी मी भोक पाडू दिले नाही. दोन महिने विचार करून, पंचांग पाहून, मग गेलो. आण्णांनी आदल्या दिवशी भोकात बसवायचे नवे बूड माझ्याकडे दिले होते, कारण मी ते देवघरात ठेवायला मागितले होते. नवी वस्तू यंत्रावर चढायची तर तिला देवाचा स्पर्श हवा, हा आमच्या घरचा रिवाज. मी तेलात कालवलेला शेंदूर त्या बुडाच्या कड्याला वरून आणि खालून लावला, फूल वाहिले, आणि सकाळी तसेच ते आण्णांच्या हाती दिले. त्यांनी नमस्कार केला.

काम पाहण्यासारखे होते. छताचे आतले कापड त्यांनी एकही टाका न तुटता सोडवले. दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्ये खूण केली. आधी बारीक भोक, मग कटरने मोठे. आतल्या बाजूने पोलादी चकती दिली, म्हणजे ताण एकट्या पत्र्यावर पडू नये. भोकाभोवतीचा रंग आतून पॉलिश पेपरने घासून पत्रा आरशासारखा केला, दातेरी वायसर घातला, वरून रबर. वायर खांबाच्या आतून नेली आणि संचाशी पोचण्याआधी तिला खाली एक झोळ सोडला, म्हणजे चुकून आलेले पाणी झोळातून गळून जावे. मग संच सुरू केला, मीटर जोडला. काटा भलतीकडेच गेला. संचातून निघालेली शक्ती बाहेर न जाता उलटी फिरते आहे, असा त्याचा अर्थ.

आण्णांनी सगळे पुन्हा तपासले. मग माझ्याकडे न पाहता हळू आवाजात म्हणाले, "गुरुजी, अर्थ लागंना झालाय."

मला वाटले ते मंत्राविषयी बोलत आहेत. सकाळी बूड देताना मी एक श्लोक म्हटला होता. मी त्यांना त्याचा अन्वय सांगू लागलो. कर्ता कोणता, क्रियापद कोणते. त्यांनी तो सबंध ऐकून घेतला आणि मग म्हणाले, "त्यो न्हवं. अर्थिंगचा. शेंदराखाली लोखंड लोखंडाला भेटंना."

म्हणजे माझ्या शेंदराचा थर मध्ये आला होता. शेजारी उभे असलेले दोघे ट्रकवाले हसू दाबत निघून गेले. आण्णा मात्र हसले नाहीत. पूजा झालेली वस्तू म्हणून त्यांनी ती न पुसता तशीच बसवली होती. आता त्यांनी बूड काढले, लाकडाच्या ढलपीने शेंदूर खरवडला, एका कागदात गोळा करून पुडी बांधली आणि माझ्या हातात दिली. "ह्ये देवाचं, तुमच्याकडं. लोखंडाचं माज्याकडं."

पुन्हा बसवल्यावर काटा जागेवर आला. त्यांनी अँटेना दोन्ही हातांनी हलवली. गाडी हलली, अँटेना हलली नाही. "आता भद्र झालं," ते म्हणाले.

मघाचा अपमान मी विसरलो नव्हतो. मी म्हणालो, "आण्णा, भद्र म्हणजे घट्ट नव्हे. भद्र म्हणजे मंगल, कल्याणकारक."

"आमच्या कन्नडात घट्टला भद्र म्हंत्यात," ते म्हणाले. आणि पुढे विचारले, "घट्ट नसंल तर कल्याण कसं व्हईल?"

मी घरी आलो आणि रात्रभर कोश चाळला नाही, एवढेच सांगतो. सकाळी चाळला. माझा शब्द बरोबर होता. त्यांचाही बरोबर होता. आणि त्यांचा माझ्याहून उपयोगी होता, हे मला सहन होत नव्हते.

याला काय म्हणतात ते मला शिकवायला नको. षड्‌रिपूंतला तो शेवटचा, मत्सर. शाळेत मी मुलांना सांगत असे की वेदात हा शब्द सोमरसाला लावला आहे, तिथे त्याचा अर्थ उल्हास देणारा, झिंग आणणारा. पुढे तोच शब्द जळफळाटासाठी कसा आला, हे मी मुलांना नीट समजावू शकलो नव्हतो. आण्णांच्या दारात मला ते समजले. मत्सराला झिंग असते. माणूस तो घोट पुन्हा पुन्हा घेतो. मंडळाच्या बैठकीत डॉक्टर म्हणत, "गुरुजींचा हात आणि आण्णांचं काम, आपल्याला काय कमी आहे?" आणि मी फक्त एवढेच मोजी की लोकांनी मान कोणत्या शब्दावर हलवली.

पुढच्या खेपेला आण्णांनी मला चहा पाजला आणि टोपी काढून डोके पुसत म्हणाले, "गुरुजी, एवड्या गाड्यांवर बसिवली. लोक माज्यासमोर बसून कुटल्या कुटल्या देशात बोलत्यात. मलाबी एकदा माज्या जीपवरनं बोलायचं हाय. पर परवाना पायजे. तुमी शिकिवता का?"

मी हो म्हणालो. शिकवणाऱ्याला नाही म्हणता येत नाही, हे खरे. पण त्या होकारात दुसरेही काही होते. इतके दिवस मी त्यांच्या दारात उभा राहत होतो, आता ते माझ्या दारात येणार होते.

ते दर रविवारी आले. निपाणी ते बेळगाव जीपने सव्वा तास. दुपारी येत, पाचपर्यंत बसत. सूर्यास्तानंतर ते जेवत नसत म्हणून सौ. त्यांचे ताट साडेपाचला वाढी. कांदा नाही, बटाटा नाही, गाजर नाही. त्या बंधनात ती इतके पदार्थ काढी की मला आश्चर्य वाटे. शनिवारपासून तिची तयारी सुरू होई. चाळीस वर्षांत माझ्या चातुर्मासाचे तिने इतके कौतुक केल्याचे आठवत नाही. हेही मी मोजले.

आणि मी त्यांना मोर्स शिकवायला घेतला.

इथे थांबून स्पष्ट लिहितो. परवाने दोन प्रकारचे असतात. वरच्या परवान्याला मोर्सची परीक्षा असते. खालच्या परवान्याला नसते. थोडे वीजशास्त्र, थोडे नियम, आणि पर्यायांवर खुणा करायच्या. आण्णांना बोलायचे होते, त्यांना खालचा परवाना पुरेसा होता आणि दोन महिन्यांत मिळाला असता. हे मला पहिल्या रविवारी ठाऊक होते. आण्णांनी विचारले, "ही टिकटिक यायलाच पायजे न्हवं?" मी म्हणालो, "ज्याला ही विद्या हवी त्याला हे यायला हवे." वाक्य खोटे नव्हते. खोटे बोलायचे टाळून फसवण्याइतके व्याकरण मला येते.

त्यांचा कान ग्राइंडरने गेला होता. चाळीस-पंचेचाळीस वर्षे पत्रा कापल्यावर बारीक आवाज ऐकू येणे कठीणच. लघु आणि गुरू त्यांना सारखेच वाटत. एका रविवारी त्यांनी संचाच्या आवाजाच्या पेटीवर बोटे टेकवली आणि त्यांचा चेहरा उजळला. "कानाला कळंना, गुरुजी, पर बोटाला कळतंय." खरोखर त्यांनी बोटांनी ओळीने पाच अक्षरे ओळखली. मी म्हणालो, "परीक्षेत पेटीला हात लावता येणार नाही." त्यांनी बोटे काढून घेतली. मुकाट्याने पुन्हा कान लावून बसले.

असे वर्ष-सव्वा वर्ष चालले. एकदा ते गेल्यावर सौ. ताट उचलता उचलता म्हणाली, "हे त्यांना किती दिवस शिकवणार आहात?" मी म्हणालो, "येईपर्यंत." ती म्हणाली, "त्यांना येईपर्यंत, की तुम्हाला पुरे होईपर्यंत?" मी संध्येला उठलो.

नियम मात्र मी त्यांना कसोशीने शिकवले. परवान्याविना बटण दाबणे हा गुन्हा आहे, संच जप्त होतो, मंडळाचे नाव जाते. हे मी इतक्या वेळा सांगितले की आण्णा ते मंत्रासारखे म्हणून दाखवीत. आपत्तीत परवान्याविनाही कोणी मदत मागू शकतो, हे कलम मी कधी उच्चारले नाही. आठवले नाही म्हणून नव्हे.

मग त्या वर्षीचा पूर आला. दूधगंगेच्या काठची गावे पाण्यात गेली, वीज गेली, मोबाईल गेले. डॉक्टर निपाणीच्या तालुका कचेरीत संच लावून बसले; बोटी तिथून सुटत. काठाजवळ फिरता संच हवा होता. माझी गाडी त्या चिखलात चालणारी नव्हती. आण्णांची जीप होती, आणि तिच्या छपरावर त्यांनी स्वतःच्या हाताने बसवलेली अँटेना होती, जिच्यावर ते कधी बोलले नव्हते. माझा संच तिच्यात जोडायचा, त्यांनी गाडी चालवायची, मी बोलायचे, असे ठरले. दोन दिवस आम्ही एका गावाच्या उंचवट्यावर उभे होतो. पाऊस, वारा, जीपला लागणारे लोकांचे धक्के, कशानेही एकदाही आवाज तुटला नाही. डॉक्टर पलीकडून म्हणत, "गुरुजी, तुम्ही शेजारी बसून बोलल्यासारखे ऐकू येताय." मी प्रत्येक वेळी म्हणे, "ठीक आहे." आण्णांचे नाव घेत नसे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी डॉक्टरांना पाव तासाची सुटी मागितली आणि मारुतीच्या देवळाच्या कट्ट्यावर संध्येला गेलो. संच चालूच होता. आण्णा जीपमध्ये होते. तेवढ्यात कमरेएवढ्या पाण्यातून एक माणूस आला आणि आण्णांना म्हणाला की नदीकडच्या मळ्यात त्यांची आक्का आणि तिची म्हातारी सासू स्लॅबवर अडकून आहेत. आण्णांची थोरली बहीण त्याच गावात दिली होती. ती सकाळीच बाहेर पडली असे सगळे समजून होते. आणि त्याच वेळी संचातून डॉक्टरांचा आवाज आला: शेवटची बोट सुटते आहे, नदीकडे कोणी उरले आहे का, की पलीकडच्या वस्तीला पाठवू?

आण्णांच्या हाताशी बटण होते. दाबून दोन शब्द बोलायचे होते.

ते जीपमधून उतरले आणि चिखलातून माझ्याकडे धावत आले. मी आचमन करीत होतो. "गुरुजी, चला, आक्का... तुमी बोला." मी उठलो, धावलो, सत्तरीचे पाय जितके धावतील तितके. संचाशी पोचलो तेव्हा डॉक्टर थांबून थांबून बोट पलीकडे पाठवून बसले होते. ती परत येऊन मळ्याकडे जायला अडीच तास गेले. तोवर आक्का सासूला मांडीवर घेऊन भोवतीच्या पाण्याकडे पाहत बसली होती. दोघी वाचल्या. पण आक्का पुन्हा त्या घरी नांदायला गेली नाही. बोरगावला माहेरी राहते, आणि पाऊस वाजू लागला की खोलीचे दार लावून घेते.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरू लागले तेव्हा डॉक्टर आले आणि आण्णांवर रागावले. "अहो, बटण का दाबलं नाही?"

"परवाना न्हाई मला."

"अडचणीत परवाना कोण विचारतो? आणि वर्षभर शिकताय, अजून परवाना का नाही?"

"मोर्स येत न्हाई अजून."

"मोर्स? तुम्हाला मोर्स कशाला हवा? खालच्या परवान्याला तो लागतच नाही." आणि असे म्हणता म्हणता डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले.

मी तोंड उघडायच्या आत आण्णा म्हणाले, "गुरुजी मला वरच्या परीक्षेचं शिकिवत हुते. मीच नीट इचारलं न्हाई."

डॉक्टरांनी विषय सोडला. मी वाचलो. आणि माझी नीच अवस्था पाहा: त्या क्षणी कृतज्ञता वाटायच्या आधी मला पुन्हा मत्सरच वाटला. असे पटकन दुसऱ्याला झाकता यावे, हेही याच माणसाला जमावे. मला आयुष्यभराच्या जपाने ते जमले नव्हते.

पुढे डॉक्टरांनी स्वतः त्यांचा अर्ज भरला. आण्णा पहिल्याच खेपेला उत्तीर्ण झाले आणि काही महिन्यांनी परवाना आला. ते हवेत फारसे बोलले नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनी आपले संकेतनाम सांगितले आणि विचारले, "ऐकू येतंय का?" पाच ठिकाणांहून उत्तरे आली, त्यांत हुबळीचे होते, सांगलीचे होते. माझा संच चालू होता. मी बटणावर बोट ठेवून बसलो होतो. मी सहावा बोललो.

त्यांना तेव्हाच धाप लागू लागली होती, दवाखान्यात हृदयाचे काही निघाले होते. मला ते कळले आणि मी एका शनिवारी पूजा लवकर आटोपून निपाणीला गेलो. ती आमची शेवटची भेट.

आण्णा एका जीपच्या टपावर बसले होते, समोर खूण केलेली, हातात ड्रिल. मला पाहून म्हणाले, "बसा गुरुजी, एवडं भोक पडू द्या." मी बसलो नाही. खालूनच म्हणालो, "आण्णा, मोर्स लागत नाही हे मला पहिल्या रविवारपासून ठाऊक होते."

ड्रिल सुरू झाले नव्हते. त्यांनी ते मांडीवर ठेवले. 

"मग?"

"तुमचा मत्सर वाटत होता."

"माजा?" त्यांनी आपले हात उलटसुलट करून पाहिले. त्यांना खरोखर नवल वाटले असावे. "लोखंड कापतो मी, गुरुजी."

महामार्गावरून गाड्या जात होत्या. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मला वाटले आता ते म्हणतील, जाऊ द्या. मी त्या शब्दासाठीच आलो होतो, हे मला तेव्हा कळले.

"मला कशाला सांगताय?" ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "स्लॅबवर मी न्हवतो. आक्का हुती. तिला सांगा."

"आज?"

"आजच. म्हातारी गेली औंदा, आक्का हाय. मी संगं येणार न्हाई. माज्यासमोर ती तुमास्नी काय बोलायची न्हाई."

ते टपावरून उतरले. उतरताना जीपच्या दाराला धरून जरा थांबले, श्वास लागला होता. मी हात पुढे केला. तो त्यांनी घेतला नाही. मग बोरगावच्या घराची खूण सांगितली: बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, मागे, दाराशी पपईचे झाड. मी गाडीत बसलो. ते रस्त्यापर्यंत आले.

बोरगावची वाट पाऊण तासाची. वळणाआधी मी आरशात पाहिले. मला वाटले होते ते आत गेले असतील. ते तिथेच होते, कडेच्या धुळीत, एक हात कपाळावर आडवा धरून. मालट्रक मधून गेला, धूळ उडाली, आणि धूळ बसल्यावर पुन्हा दिसले. हात तसाच. मी बोरगावच्या बाजूला वळतो की सरळ बेळगावला घरी जातो, हे ते पाहत होते.

मी वळलो.